ऑपरेशन झालं, तपासणी संपली नाही



"जन्मतः हृदयाला छिद्र होतं, लहानपणीच ऑपरेशन झालं, आता काही नाही." असं सांगणारी पंचविशी-तिशीतली माणसं तुमच्याही ओळखीत असतील. त्यांतल्या काहींनी हे 'आता काही नाही' एकदा तपासून घ्यायला हवं.

फॅलोज टेट्रालॉजी हा दोष घ्या. बाळ रडू लागलं की ओठ निळे पडतात. १८८८ साली मार्सेयच्या डॉ. फॅलो यांनी त्याचं नेमकं वर्णन केलं. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असतं आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. १९५४ मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून हा दोष पहिल्यांदा दुरुस्त केला.

छिद्र बुजवता येतं. पण वाट रुंद करताना अनेकदा तिथल्या झडपेवरच चीर देऊन ठिगळ लावावं लागतं. मूल वाचतं, खेळतं, शाळेत जातं. मात्र ती झडप नीट मिटत नसल्यामुळे फुफ्फुसाकडे गेलेलं थोडं रक्त दर ठोक्याला मागे येत राहतं. हे जादा ओझं उजवा कप्पा वर्षानुवर्षं निमूट वाहतो आणि हळूहळू फुगतो. माणसाला पत्ता लागत नाही, कारण तेवढ्याच दमाची त्याला सवय झालेली असते.

अशा वेळी नवी झडप बसवतात. फार उशीर झाला तर फुगलेला कप्पा पूर्ववत होत नाही. म्हणून त्रासाची वाट न पाहता इको आणि एमआरआयवरून वेळ ठरवतात. दुसऱ्यांदा छाती उघडणं जास्त जिकिरीचं, कारण पहिल्या जखमेमुळे हृदय छातीच्या हाडाला आतून चिकटलेलं असू शकतं. २००० सालापासून काही रुग्णांना मांडीच्या शिरेतून नळीवाटेही झडप बसवता येते.

अडचण वेगळीच आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षापर्यंत साथ देतो; दुसऱ्या ऑपरेशनची वेळ बहुधा त्यानंतर येते. तोवर फाइल हरवते, बालहृदयरोगतज्ज्ञांकडे जाणं थांबतं. मुलीचं लग्न ठरताना तर ऑपरेशनचा विषयच घरात दाबला जातो. खरं तर गरोदरपणाआधी ही तपासणी व्हायलाच हवी.

आईवडिलांनो, दुसरं ऑपरेशन म्हणजे पहिलं फसलं असं नव्हे. पहिल्यामुळेच मूल दुसऱ्यापर्यंत पोचलं. तेव्हा ऑपरेशनचा कागद जपा, आणि मूल कळतं झालं की त्याच्या हृदयात काय केलं आहे, हे त्याला नीट समजावून सांगा. पुढची तपासणी त्यालाच करून घ्यायची आहे.