संगीताचे शास्त्र कोणाच्या मालकीचे?

(विक्रोळी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याने संगीतावर बोलावे, हे काहींना अधिकाराबाहेरचे वाटेल. परंतु आज मी रागांच्या सौंदर्याविषयी बोलणार नाही. ज्ञान आणि उत्पादनाची साधने कोणाच्या हाती असावीत, एवढाच माझा प्रश्न आहे. आणि तो आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

कन्नमवार नगरातल्या एका बेंजो पथकात कीबोर्ड वाजविणारा नववीतला एक मुलगा मध्यंतरी माझ्याकडे आला. मित्राने तंबोऱ्यावर गायिलेला अभंग त्याने संगणकावर ध्वनिमुद्रित करून त्याला कीबोर्डची साथ जोडली होती. सारे जुळत होते, गंधार मात्र खटकत होता. चूक मित्राच्या गळ्याची की यंत्राची, हे त्याला उमगेना. वस्तुतः चूक कोणाचीच नव्हती. कीबोर्डवर सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून उमटणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा राहतो. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागे असाच एक आक्षेप होता. संगणकावर मात्र तो स्वर हवा तेवढा उतरविता येतो. कारण कळताच मुलाने तो उतरविला आणि साथ जुळली. यंत्र त्याच्याजवळ होतेच. उणीव होती ती शास्त्राची.

हे शास्त्र एके काळी घराण्यांच्या कुलुपात होते. १८६० साली वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित भातखंडे यांनी वकिली सोडून गावोगावच्या उस्तादांकडून बंदिशी मिळविल्या, त्या स्वरलिपीत बांधल्या आणि क्रमिक पुस्तकांतून छापल्या. पंडित पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. वंशपरंपरेची मिरास अशा रीतीने वर्गात आली. पण तो दरवाजा उघडला तो बहुशः मध्यमवर्गासाठी, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

आज पुन्हा तशीच संधी आली आहे. १९८३ साली वाद्यनिर्मात्यांनी स्वराला ० ते १२७ यांपैकी एक आकडा देणारी ‘मिडी’ ही समान पद्धत स्वीकारली. एका अर्थाने ही यंत्राची स्वरलिपीच होय. ‘ऑडेसिटी’, ‘एलएमएमएस’ यांसारख्या संगणक-प्रणाली विनामूल्य मिळतात. म्हणजे साधन स्वस्त झाले. महाग राहिला तो शिक्षक. शिक्षकाविना हे साधन हाती आलेला मुलगा दुसऱ्याने तयार करून विकलेले ठेक्यांचे तुकडे जोडीत बसतो. त्याला निर्माता म्हणतात खरे, पण तो ग्राहकच असतो.

शासनाचे धोरण येथे काय करते? दहावीला शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळतात. परंतु ते शिक्षण बहुतेकांना शाळेबाहेर, फी भरून घ्यावे लागते. ज्या घराला फी परवडते त्याच घरात गुणही जातात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात, सहावी ते आठवीत शंभरावर मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा, अशी तरतूद आहे. नववी-दहावी, म्हणजे नेमके माध्यमिक वय, त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. एका शाळेत तर संगीताचा तास गणिताला दिलेला मी पाहिला आहे.

भाकरीचा प्रश्न असताना हे गाणे कशाला, असे कोणी विचारील. इथून जवळच, घाटकोपरच्या चिरागनगरात अण्णा भाऊ साठे राहिले. १९४४ साली अमर शेख आणि गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. भाकरीचा प्रश्न गिरणगावच्या घराघरांत पोचविला तो त्यांच्या डफाने.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या वॉर्डातील प्रत्येक शाळेत कलेच्या निदेशकाचे पद भरले आहे की नाही, याची पाहणी करा. नववी-दहावीसाठीही संगीतशिक्षक मागा. आणि शाळांच्या संगणक-कक्षात आठवड्यातून दोन तास स्वरलिपी व ध्वनिमुद्रण एकत्र शिकविण्याचा आग्रह धरा. पाहणीला पुढच्या रविवारी टागोरनगरपासून आरंभ करू या. मीही येईन.