खतावणी ते खत
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



बँकेत मी आयुष्यभर खतावणी लिहिली. निवृत्तीनंतर त्यातलं 'वणी' गळालं आणि खत तेवढं राहिलं, असं आमच्या घरी म्हणतात. कमिटीने मला आपल्या खताच्या हौदांवर बोलायला सांगितलंय. पण आधी एक चूक माइकवरून कबूल करतो.

पार्किंगमागे विटांचे दोन हौद बांधले तेव्हा मी ओला कचरा तसाच टाकत गेलो. भाजीची देठं, शिळा भात, कलिंगडाच्या साली. पंधरा दिवसांत वास, माश्या, अळ्या, खालून काळं पाणी. ज्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी हौदावर उघडते, त्या वहिनींनी चार महिने ती उघडलीच नाही. वार्षिक सभेत त्या बोलल्या, तर मीच उलट सुनावलं, "गावासाठी एवढं सोसायला नको का?" त्या गप्प खाली बसल्या. हौद बुजवायचा ठराव दोन मतांनी पडला आणि मला वाटलं, आपण जिंकलो. त्या संक्रांतीला त्यांच्याकडचा तिळगूळ आला नाही.

चूक हिशेबाची होती. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना साधारण तीस भाग कर्बाला एक भाग नत्र लागतं. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त, त्यात पाऊण हिस्सा पाणी. हवा आत शिरत नाही, मग ते कुजत नाही, सडतं. कर्बाची बाजू माझ्या वहीत कोरीच होती. आणि राहतो कुठे? सांगवीत! चहूकडे ऊस. तोडणी झाली की पाचट पेटवतात आणि काजळी आपल्याच वाळत घातलेल्या कपड्यांवर येते. तोच तर कर्ब!

यात माझं संशोधन काही नाही. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातला पालापाचोळा आणि शेण यांचे थर लावून, तीनदा उलथून, तीन महिन्यांत खत करायची पद्धत बसवली. त्यांचं पुस्तक 1931 चं. मुंबईत डॉ. दोशींनी गच्चीवरच्या बागेसाठी उसाची चिपाडंच वापरली. आम्हीही शेजारच्या शेतकऱ्याकडून पाचट आणलं, रसवंतीची चिपाडं वाळवली, कोयत्याने बोटभर तुकडे केले. आता एक बादली ओला कचरा, त्यावर एक बादली पाचट, पावसाळ्यात दीड. आठवड्याला आंबट ताक आणि गुळाचं पाणी शिंपडायचं. अळ्या दिसल्या तर मूठभर निंबोळी पेंड. मूठभरच, कारण पेंडीतही नत्र असतं. ढीग नीट लागला की आतून इतका तापतो की हात ठेववत नाही. मूठ दाबली आणि बोटांतून पाणी टपकलं, तर पाचट कमी पडलं समजा.

पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला पडत राहिला. तिथल्या विहिरी बिघडल्या, शेवटी लोकांनी गाड्या अडवल्या. त्यांनाही कोणीतरी "सोसा" म्हटलंच असणार. हे मला फार उशिरा सुचलं.

पाचट सुरू केल्यावर दीड महिन्याने वहिनींची खिडकी उघडलेली दिसली. पुढे त्या कढीपत्त्यासाठी घमेलंभर खतही घेऊन गेल्या. मी तेव्हा "घ्या की" एवढंच म्हणालो. माफी राहून गेली. वहिनी, तुम्ही दुसऱ्या रांगेत आहात. त्या सभेतलं माझं बोलणं चुकीचं होतं, मला माफ करा.

आता शेवटचं. माझे गुडघे फावडं मारू देत नाहीत. ढीग उलथायला दर रविवारी दोन तरुण हवेत, अर्ध्या तासाचं काम आहे. फावडं आणि कोयता पंपाच्या खोलीत, किल्ली वॉचमनकडे. सकाळी सातला मी तिथे खुर्ची टाकून बसलेला असेन. चहा माझ्याकडून.