गाऱ्हाण्याची भाषा
(जीर्णोद्धार सोहळ्यातील भाषण)



देवळाच्या कामाचे कौतुक माझ्या आधीच्या वक्त्यांनी केलेच आहे. मला बोलायचे आहे ते आज सकाळी घातलेल्या गाऱ्हाण्याबद्दल.

मंत्र संस्कृतात झाले, भाषणे पुस्तकी मराठीत चालली आहेत. माझेही त्यातच चालले आहे! पण देवाशी खरे बोलणे झाले ते मालवणीत. कोणाचो झील आजारी, कोणाच्या चेडवाचे लग्न जुळत नाही, हे देवाच्या कानावर घातले, 'वाकडा आसात ता सरळ कर' म्हणून सांगितले, आणि आपण सर्वांनी 'व्हय म्हाराजा' म्हटले. मागे उभी असलेली मुंबईची मुले मात्र ते म्हणताना हसत होती. त्यांना दोष कसा द्यावा? 'माका-तुका' म्हटल्याबद्दल ज्यांना शाळेत छडी बसली, त्या आईबापांनी मुलांशी ही बोली बोलणेच सोडले.

ही बिघडलेली मराठी आहे, असा समज त्या छडीबरोबर पसरला. तो खरा नाही. आपण मुलीला 'धूव' म्हणतो. संस्कृतातली 'दुहिता' प्राकृतात 'धूआ' झाली, तीच ही. पुस्तकी मराठीने तिला सोडले, आपल्या म्हाताऱ्यांनी सांभाळले. 'आवस रडता धूवेक, धूव रडता घोवाक' ही म्हण सासरी निघालेल्या मुलीच्या मांडवात ऐकावी. हसूही येते आणि डोळेही भरतात.

व्याकरणही पक्के आहे. पुस्तकात 'आंबा' आणि 'केळे', आपल्याकडे 'आंबो' आणि 'केळा'. तिकडचा पुल्लिंगी 'आ' इकडे नपुंसकलिंगी होतो, आणि परका माणूस नेमका तिथे अडखळतो! ग्रीअर्सनसाहेबांच्या भाषा-पाहणीत १९०५ सालच्या सातव्या खंडात 'कुडाळी' या नावाने आपल्या बोलीची दखल आहे. पुढे १९८० साली गवाणकरांचे 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आले आणि मच्छिंद्र कांबळींच्या तोंडची मालवणी ऐकायला मुंबईकर तिकीट काढून बसू लागले.

पण नाटकामुळे एक गंमत झाली. मालवणी म्हणजे शिव्या आणि विनोद, एवढेच लोकांना वाटू लागले. 'मेल्या, खय होतस इतके दिस?' हे वाक्य कागदावर शिवीसारखे दिसते. पण नातू एस.टी.तून उतरल्यावर आजी ज्या हेलात ते म्हणते, तो हेल ऐकल्यावर त्यात राग किती आणि जीव किती हे कळते. गोव्याच्या हद्दीकडे गेलात की 'मी'चा 'हांव' होतो आणि हेलही बदलतो. शब्द वहीत उतरतील. हेल उतरत नाही.

म्हणून समितीला माझी एक विनंती आहे. स्मरणिकेत गाऱ्हाणे छापाल तर 'शुद्ध' करून छापू नका. आणि आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रण करणारा फोन आहे. आज रात्री जेवणे झाल्यावर गुरवदादांना बसवून संपूर्ण गाऱ्हाणे त्यांच्याच आवाजात भरून घ्या. दादा आता थकले आहेत, आणि त्यांच्या मागून ते घालणारा अजून कोणी तयार नाही. हसणाऱ्या मुलांपैकी दोघांना त्यांच्याजवळ बसवा. सांगायला मी येईनच.