दिलकुशा कोठी

लखनौच्या निशातगंजातून गोमतीचा पूल ओलांडला, की दक्षिणेस सिकंदरबाग लागते आणि तेथून आग्नेयेस दिलकुशा कोठीचे भग्नावशेष. इ. स. १८०० च्या सुमारास नवाब सआदत अली खानाच्या मृगयाविहारासाठी गोर ऊझली या इंग्रज अधिकाऱ्याने ही कोठी उभारली. तिचा नमुना मात्र सातासमुद्रापलीकडचा. इंग्लंडातील नॉर्थम्बर्लंड परगण्यातल्या सीटन डेलाव्हल या प्रासादाचा. तेथे दगड, येथे लखौरी वीट आणि चुना.

पुढे दोहोंच्या नशिबी भग्नता आली. मूळ प्रासादाचा मध्यभाग १८२२ मध्ये आगीत होरपळला. कोठीला १८५७ च्या संग्रामाची झळ लागली. लखनौच्या वेढ्यातून निघालेला सेनापती हॅवलॉक २४ नोव्हेंबर १८५७ रोजी येथेच आजाराने मरण पावला.

आज सीटन डेलाव्हल तेथील नॅशनल ट्रस्टकडे आहे, तर दिलकुशा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली. हिच्यावर नवे छप्पर चढविले, तर नवाबाचा विलास कदाचित पुन्हा दिसेल. परंतु सत्तावन्नची साक्ष पुसली जाईल. म्हणून या उघड्या भिंती आहेत तशाच, पण ढासळू न देता राखणे, हेच येथील संरक्षणाचे खरे आणि अवघड कर्तव्य होय.