कागलचे घाटगे : एका आडनावाचा प्रवास

आडनाव मनुष्याला विनासायास मिळते. ते त्याने निवडलेले नसते, कष्टाने कमावलेले नसते, आणि बहुधा त्याचा अर्थही त्याला ठाऊक नसतो. तथापि शाळेच्या पटावर, कचेरीच्या दप्तरात, दाराच्या पाटीवर तेच त्याच्या पुढे चालत असते. लग्नाची बोलणी चालू असता तर आडनाव कानी पडताच ऐकणारा मनातल्या मनात प्रांत, कूळ आणि देवक यांचा हिशेब मांडू लागतो. ज्या दोनतीन अक्षरांवर आपण एवढा भार टाकतो, ती अक्षरे तो भार पेलण्यास समर्थ आहेत काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे २० किलोमीटरांवर, पुणे-बंगळूर हमरस्त्यालगत, दुधगंगेच्या खोऱ्यात कागल नावाचे गाव आहे. तेथील घाटगे या आडनावाची कथा या कामी पुरेशी आहे.

आडनावांचा पद्धतशीर शोध घेण्याची हौस इंग्रज लोकांत जुनी आहे. हेन्री गपी नावाच्या एका संशोधकाने १८९० साली ब्रिटनमधील कुटुंबनामांच्या मूळ ठिकाणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची रीत सरळ होती. शहरातील माणूस पोटामागे फिरतो. शेतकरी मात्र पिढ्यान् पिढ्या एकाच मातीला धरून राहतो. म्हणून त्याने व्यापारी निर्देशिकांतून केवळ शेतकऱ्यांची आडनावे वेचली आणि कोणते आडनाव कोणत्या परगण्यात दाट आहे व कोणत्या परगण्यात विरळ आहे ते मोजले. तेव्हा असे दिसले की, कित्येक आडनावे देशभर पसरलेली असली, तरी कित्येक अगदी थोड्या मुलखापुरती असतात. त्या मुलखाबाहेर ती क्वचितच आढळतात. आडनाव कोठे दाट आहे हे कळले की त्याचे माहेर कोठे असावे याचा अंदाज बांधता येतो.

ही रीत महाराष्ट्रास लावून पाहण्यापूर्वी एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडे गावावरून पडलेली 'कर' प्रत्ययाची आडनावे विपुल आहेत. परंतु कागलात राहणाऱ्याला 'कागलकर' म्हणण्याचे काही प्रयोजन नाही, कारण तेथे सारेच कागलकर. ते नाव चिकटते ते गाव सोडून गेलेल्या माणसाला, आणि तेही परक्या गावच्या लोकांच्या तोंडून. 'कर' प्रत्ययाचे आडनाव माणूस कोठून आला ते सांगते. त्याअर्थी तो तेथून निघून गेला हेही सांगते. घाटगे हे आडनाव या जातीचे नव्हे. ते कागलच्या नावावरून पडलेले नाही आणि कागलात जन्मलेलेही नाही. 'घाट' या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पण केवळ ध्वनीचे साम्य हा पुरावा नव्हे, आणि अशा व्युत्पत्तींनी पुष्कळांची फसगत झाली आहे.

त्यापेक्षा भूमीचा पुरावा भरवशाचा. साताऱ्याच्या पूर्वेस, महादेवाच्या डोंगररांगांच्या दक्षिणेकडचा माण-खटाव हा कमी पावसाचा, खडकाळ मुलूख आहे. डोंगरांपलीकडे फलटणच्या निंबाळकरांचा प्रदेश, आणि अलीकडे घाटग्यांची देशमुखी. १८२६ साली ग्रँट डफने मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात बहामनी राजवटीत काम राजे घाटगे याच्याकडे लहानशी मनसब असल्याचा उल्लेख आहे. पुढे १६२६ साली विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने नागोजी घाटगे यास सरदेशमुखी आणि 'झुंजारराव' हा किताब दिला. मलवडीची ही शाखा तेव्हापासून झुंजारराव घाटगे म्हणून ओळखली जाऊ लागली. कागलच्या शाखेस 'सर्जेराव वजारतमाब' अशी पदवी होती. एकाच आडनावाची दोन घराणी या पदव्यांवरून ओळखू येतात. याप्रमाणे माण-खटावापासून कोल्हापूर-कागलपर्यंतचा पट्टा हे या आडनावाचे घर ठरते. बोलण्यात 'ट' चा 'ड' होऊन काही ठिकाणी ते 'घाडगे' असेही लिहिले जाते. मात्र 'गाडगे' याच्याशी त्याची गल्लत होता कामा नये. गाडगे महाराजांचे आडनाव जानोरकर होते. हातातील मडक्यावरून लोकांनी त्यांना ते दुसरे नाव दिले.

कागलात या घराण्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. दोन्ही कोल्हापूर संस्थानाच्या मांडलिक जहागिऱ्या होत्या. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्या राज्यव्यवस्थेचा शेवट झाला.

गपीची रीत येथपर्यंत उत्तम चालते. आता तिची मर्यादा पाहावयाची. समजा, एखाद्या संशोधकाने सगळ्या याद्या चाळून घाटगे आडनावाची माणसे मोजली आणि नकाशावर टिंबे दिली. त्या नकाशावर या घराण्याची सर्वांत नामांकित माणसे त्याला सापडतील काय? सापडणार नाहीत. या आडनावाला इतिहासात जे स्थान मिळाले, ते ज्यांच्यामुळे मिळाले, त्यांतील बहुतेकांच्या नावापुढे ते आडनाव राहिलेलेच नाही. ही गोष्ट चमत्कारिक वाटेल. पण एकेक उदाहरण घेतले म्हणजे पटते.

पहिले उदाहरण बायजाबाईंचे. त्यांचा जन्म १७८४ साली कागल येथे झाला. त्यांचे वडील सखाराम घाटगे पेशवाईच्या उत्तरकाळात पुण्याच्या राजकारणात शिरले. १७९८ साली बायजाबाईंचे लग्न दौलतराव शिंद्यांशी झाले आणि सखारामराव शिंद्यांचे दिवाण बनले. त्याच वर्षी पैसा उभा करण्यासाठी त्यांनी पुण्यातील सावकार व प्रतिष्ठित नागरिक यांचा जो छळ केला, त्याने सर्जेराव घाटगे हे नाव शहरात भयाचे झाले. १८०९ साली त्यांचा वध झाला. कन्येची गोष्ट निराळी. दौलतरावांच्या मृत्यूनंतर १८२७ पासून १८३३ पर्यंत बायजाबाईंनी ग्वाल्हेरचा कारभार स्वतः पाहिला. काशीतील ज्ञानवापीच्या विहिरीभोवतालचा स्तंभमंडप त्यांनीच १८२८ साली बांधविला. दत्तक पुत्र जनकोजी यांच्याशी बेबनाव होऊन त्यांना ग्वाल्हेर सोडावे लागले, पुढे त्या परत आल्या आणि १८६३ साली निवर्तल्या. बापाची अपकीर्ती घाटगे या नावाने नोंदली गेली. मुलीची कर्तबगारी मात्र शिंदे या नावाने. आडनावाच्या जमाखर्चात हा केवढा अन्याय!

दुसरे उदाहरण बायजाबाईंचे बंधू हिंदुराव यांचे. बहिणीचा अधिकार गेल्यावर ते दिल्लीस जाऊन राहिले. दिल्लीच्या उत्तरेस टेकडीवर विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याची कोठी होती. १८३५ साली फ्रेझरचा खून झाला आणि पुढे ती कोठी हिंदुरावांनी घेतली. १८५७ च्या संग्रामात दिल्लीला वेढा पडला असता इंग्रजी फौजेचे एक मुख्य ठाणे याच कोठीत होते आणि तिच्याभोवती तुंबळ लढाई झाली. त्यामुळे त्या वेढ्याच्या हकिकतींत हिंदुरावांचे घर वारंवार येते. विसाव्या शतकात त्याच जागी सार्वजनिक रुग्णालय झाले, आणि ते हिंदुराव रुग्णालय याच नावाने दिल्लीत प्रसिद्ध आहे. तेथे दररोज येणाऱ्या रुग्णांपैकी कितीजणांना कागल हे नाव ऐकून माहीत असेल? येथे व्यक्तीचे नाव उरले, आडनाव गळाले. आडनावांच्या नकाशावर दिल्लीच्या त्या टेकडीवर एकही टिंब पडणार नाही.

तिसरे उदाहरण सर्वांत मोठे. कागलचे जहागीरदार जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांना दोन पुत्र होते. थोरले यशवंतराव, धाकटे पिराजीराव ऊर्फ बापूसाहेब. २५ डिसेंबर १८८३ रोजी कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक वारले. त्यांच्या राणीसाहेब आनंदीबाई यांनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले. दहा वर्षांचाही न झालेला तो मुलगा त्या दिवसापासून भोसले झाला आणि शाहू छत्रपती या नावाने जगाला ठाऊक झाला. धाकटा भाऊ घाटगेच राहिला आणि कागलच्या गादीवर बसला. आईबाप तेच, घर तेच, लहानपणचे अंगण तेच. एका विधीने दोघांची आडनावे, कुळे आणि गोत्रे निराळी झाली. आडनाव म्हणजे रक्त असे मानणाऱ्याने या दोन भावांकडे पाहावे.

दत्तकाची ही चाल आडनावांच्या इतिहासात महत्त्वाची आहे. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७३ साली असा प्रश्न विचारला होता की, मोठमोठ्या घराण्यांची आडनावे काळाच्या ओघात नाहीशी का होतात. वॉटसन नावाच्या गणितज्ञासह त्याने पुढच्या वर्षी त्यावर निबंध लिहिला. मर्म असे की, आडनाव केवळ पुत्राकडून पुढे जाते. ज्या पिढीत पुत्र नाही त्या पिढीत ती शाखा तुटते, मग कन्या कितीही असोत. वंश नष्ट झालेला नसतो, नाव तेवढे नष्ट झालेले असते. आपल्याकडे या संकटावर दत्तकाचा तोडगा होता. एका घराचे नाव टिकविण्यासाठी दुसऱ्या घराचा मुलगा आणावयाचा. पुढे १९४७ साली कोल्हापूरच्या गादीवर देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंह पवार दत्तक आले व शहाजी महाराज झाले. ते शाहू महाराजांच्या कन्येचे पुत्र. म्हणजे आजोबा जन्माने घाटगे, नातू जन्माने पवार, आणि दोघेही राजे झाले ते भोसले म्हणून!

चौथे उदाहरण पुन्हा एका कन्येचे. कागलच्या धाकट्या पातीतील, शाहू महाराजांची नात्याने बहीण लागणारी एक मुलगी इंदूरच्या यशवंतराव होळकरांना द्यावयाची, असे महाराजांनी ठरविले. घाटगे मराठा, होळकर धनगर. जातीजातींत रोटीव्यवहारही अवघड असलेल्या त्या काळात राजघराण्याने असा बेटीव्यवहार योजणे ही लहान गोष्ट नव्हती. ६ मे १९२२ रोजी महाराज वारले. विवाह १९२४ साली झाला. त्याच संयोगिताबाई होळकर. मॅन रे या प्रसिद्ध छायाचित्रकाराने काढलेली त्यांची व यशवंतरावांची छायाचित्रे कलाभिज्ञांच्या परिचयाची आहेत. १९३७ साली स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात त्यांचा अंत झाला. त्या छायाचित्रांखाली इंदूरचे नाव असते, कागलचे नसते. आडनावे मोजून जाती ठरविणाऱ्यांना जो विवाह अशक्य वाटला असता, तो एका आडनावाच्या जागी दुसरे आडनाव येऊन निमूटपणे पचनी पडला.

शाहू महाराजांनी आडनावांचा पगडा आणखी एका वाटेने सैल केला. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी जाहीरनामा काढून संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. ज्यांची आडनावे तोवर कचेरीच्या हजेरीपटावर कधी चढली नव्हती, ती तेथे चढू लागली. १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतने रद्द केली व त्या जागी पगारी तलाठी आणले. काम गेले, वतन गेले. 'कुलकर्णी' हे आडनाव मात्र घरोघर राहिले. जे काम आता कोणी करीत नाही, त्याचे नाव माणसे अभिमानाने लावतात.

कागलनेच याच्या उलट प्रकारही दाखविला आहे. ३० नोव्हेंबर १९३५ रोजी तेथे एका गरीब शेतकऱ्याच्या घरी आनंद रतन जकाते यांचा जन्म झाला. जकाते हे विरळ आढळणारे आडनाव, आणि जकातीशी त्याचे नाते उघड दिसते. शिक्षणासाठी घरच्या दारिद्र्याशी केलेल्या झगड्याची कहाणी त्यांनी 'झोंबी' या आत्मचरित्रात लिहिली आणि तिला १९९० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण पुस्तकावर नाव आहे ते आनंद यादव असे. जहागीरदाराच्या मुलाचे आडनाव दत्तविधानाने बदलले, कुणब्याच्या मुलाने ते आपल्या हाताने बदलले. दोघांचेही मोठेपण त्यांच्या कृतीत आहे.

तेव्हा आडनावांचा अभ्यास करू नये काय? अवश्य करावा. तो मनोरंजक आहे आणि बोधप्रदही आहे. जुने कागद, बखरी, गावोगावचे देवळांतील लेख आणि मतदारांच्या याद्या यांतून एकेका आडनावाचा मुलूख आखता येतो. परंतु घराण्याचा वृक्ष काढताना सासरी गेलेल्या मुलींच्या फांद्या कापून टाकू नयेत आणि दत्तक गेलेल्या मुलांच्या फांद्या विसरू नयेत. कित्येक घरांतील वंशावळीत मुलींच्या जागी नुसती रिकामी चौकट असते किंवा तीही नसते. अशा रीतीने कागलच्या घाटग्यांची वंशावळ काढली तर तीत बायजाबाई सापडणार नाहीत, संयोगिताबाई सापडणार नाहीत, आणि शाहू महाराजही जेमतेम दहा वर्षांचे होईपर्यंतच सापडतील. ज्या वृक्षात ही माणसे नाहीत, तो कागलच्या घाटग्यांचा वृक्ष कसला?

घरातील वडीलधाऱ्यांना आजीचे माहेरचे आडनाव विचारावे. पणजीचेही विचारून पाहावे. पुष्कळांना ते सांगता येणार नाही. ज्यांना सांगता येईल त्यांनी ते आजच वहीत लिहून ठेवावे, कारण दाराच्या पाटीवर ते कधीच लागणार नाही.