घर विकून टाका!
(वसंत ऋतूतील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



काल या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झालं, उद्या नर्मदा परिक्रमा आहे म्हणे. मधल्या दिवशी गृहकर्जाचे हप्ते ठेवणाऱ्या संयोजकांच्या धाडसाला नमस्कार. (हशा.) मी बँकेत वसुलीचं काम केलं, त्यामुळे मला पाहून लोक हसताहेत हा अनुभव नवा आहे.

पत्रिकेत विषय 'विभक्त झाल्यानंतरची आर्थिक घडी' असा छापलाय. मी कळवलेलं नाव होतं 'घर विकून टाका'. ते मंडळींना फार रोखठोक वाटलं असावं. मी बोलणार मात्र त्यावरच.

नवरा-बायको दोघांच्या नावावर कर्ज का काढतात हे इथे सांगायला नको. दोन पगार धरले की रक्कम वाढते, प्राप्तिकरात दोघांना वजावट मिळते, वगैरे. पुढे जाते. सह्या करताना दोघांचीही समजूत असते की कर्ज निम्मं तुझं, निम्मं माझं. तसं ते नसतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 43 आहे. दोघांनी मिळून कबुली दिली असेल, तर घेणेकरी कुणाही एकाकडून सगळी रक्कम मागू शकतो. ज्याने भरली त्याने मग दुसऱ्याकडून त्याचा वाटा वसूल करावा. करावा म्हणजे काय, तर वकील गाठावा.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. शिक्षिका. मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज मागितलं, ते नामंजूर झालं होतं. समोर बसल्या आणि पिशवीतून घटस्फोटाचा हुकूमनामा काढला. प्रत्येक पान लॅमिनेट केलेलं! एका अटीखाली लाल पेनने रेघ. फ्लॅट पतीकडे राहील आणि यापुढचे सर्व हप्ते पती भरेल. "मॅडम, कोर्टानेच लिहिलंय ना?" लिहिलं होतं. पण त्या दाव्यात बँक कुठे होती? बँकेला कुणी विचारलं होतं? नवऱ्याने काही काळ हप्ते नेमाने भरले, नंतर त्याची आखातातली नोकरी गेली. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए. त्यानंतर सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस निघाली, दोघांच्या नावाने. गेली फ्लॅटच्या पत्त्यावर, आणि फ्लॅटला कुलूप. बाई माहेरी राहत होत्या. बँकेत पत्ता बदलायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वकिलांनी पोटगी पाहिली, मुलाचा ताबा पाहिला, दागिन्यांची यादी तर ग्रॅमपर्यंत केली.

लिलावाआधी गिऱ्हाईक मिळालं म्हणून कर्ज फिटलं. बाईंच्या हातात त्यातला रुपया आला नाही, कारण फ्लॅट 'त्याचा' ठरला होता. थकबाकीची नोंद मात्र दोघांच्या सिबिल अहवालात सारखीच उमटली. नवऱ्याविरुद्ध त्या कोर्टात जाऊ शकत होत्या. अटी मोडल्या म्हणून दाद मागता येते. पण मस्कतला बसलेल्या बेकार माणसाकडून वसूल काय करणार?

आता थोडं जुन्या शास्त्राकडे वळते, अगदी दोनच मिनिटं. याज्ञवल्क्य स्मृतीत ऋणाचा विचार आहे. नवऱ्याने काढलेलं कर्ज बायकोने फेडायचं नाही, बायकोचं नवऱ्याने नाही, कुटुंबासाठी काढलेलं असेल तर गोष्ट वेगळी. बायकोवर कोणतं कर्ज येतं? जे तिने कबूल केलं, जे स्वतः काढलं आणि जे नवऱ्यासोबत मिळून काढलं. म्हणजे सहकर्जदार! त्यावर मिताक्षरा ही टीका लिहिली विज्ञानेश्वराने, कल्याणीच्या चालुक्यांच्या पदरी राहून. कल्याण म्हटल्यावर लोकल डोळ्यांसमोर आली असेल, हे ते नव्हे. हे बसवकल्याण, सोलापूरच्या पलीकडचं. आणि त्या स्मृतीत एक गंमत आहे. गवळी, दारू गाळणारे, नट, परीट आणि पारधी यांच्या बायकांनी काढलेलं कर्ज नवऱ्याने फेडावं. का? तर त्यांची घरं बायकांच्या कमाईवर चालतात. दोन पगारांचा हिशोब त्या काळीही माहीत होता! आता तुम्ही विचाराल, मग दामदुपटीचं काय? मुद्दलापेक्षा जास्त व्याज एका वेळी मागायचं नाही हा नियम मुंबई इलाख्यात इंग्रजांची न्यायालयंही मानत होती... नको, अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. मी पाहिलं ते. (हशा.)

तर घर विका. तिसऱ्या रांगेतल्या ताईंची मान मघापासून नकारार्थी हलते आहे. ताई, बायकांना घराबाहेर काढायला मी आलेले नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, तो कुणीही सोडू नये. मुलांची शाळा जवळ आहे, सोसायटीत ओळखी आहेत, देवघराची भिंत आपण रंगवलेली आहे, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच की दोन पगारांवर उभं राहिलेलं कर्ज एका पगाराने ओढताना माणूस पिचतो, आणि दुसरा नाव अडकलेलं असल्यामुळे नवं काही उभारू शकत नाही. परस्पर संमतीच्या अर्जानंतर सहा महिने थांबायची तरतूद आहे. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ती माफ होऊ शकते. तेव्हापासून सगळ्यांना ती माफच हवी असते. मला विचाराल तर सहा महिने ही गिऱ्हाईक शोधायला उत्तम मुदत होती.

ठेवायचंच असेल घर, तर ज्याला ठेवायचंय त्याने कर्ज एकट्याच्या नावावर करून घ्यावं. बँक त्याची एकट्याची मिळकत पुन्हा तपासेल आणि बरेचदा नाही म्हणेल. हो म्हणाली, तर दुसऱ्याला मोकळं केल्याचं पत्र लेखी घ्या, तोंडी नाही. वाट्याचं बक्षीसपत्र करायचं तर बँकेच्या संमतीने आणि हुकूमनाम्याच्या आधी करा. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र असेल तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये, वर स्थानिक अधिभार. घटस्फोट झाला की ते नातं संपलं आणि सवलतही. इथे भांडण चार दिवस पुढे ढकललं तर लाखांचा फरक पडतो.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं. सोनेतारण ज्याच्या नावावर आहे, पावती त्याच्याकडे. दागिने तुमचे असतील तर आधी सोडवून घ्या. ॲड-ऑन कार्ड आज रात्री बंद करा. नवऱ्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहिलेल्या भगिनींनो, घटस्फोटाने जामीनकी सुटत नाही. सहकार कायद्याच्या कलम एकशे एकचा वसुली दाखला तुमच्याही नावाने निघतो. गोव्यातल्या जोडप्यांचं गणित निराळं, तिथे पोर्तुगीज काळापासून मालमत्ता सहसा सामाईक धरतात. त्यावर बोलायला वेगळी संध्याकाळ लागेल, ती संयोजक देतील असं आज तरी दिसत नाही. (हशा.)

प्रश्न बाहेर, चहाच्या टेबलापाशी विचारा. ज्यांचा प्रश्न "माझ्या एका मैत्रिणीचं असं झालंय" असा सुरू होणार आहे, त्यांनी येताना मैत्रिणीच्या कर्जखात्याचा उतारा आणावा. मी उद्या दुपारपर्यंत गावातच आहे.