स्पॅनिश भाषेचे अध्ययन आणि आपली मुले
(मंडळाच्या कामठा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारे आयुष्य प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे घालविलेला मनुष्य. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. तरीही आज विद्यापीठातील एका विषयासंबंधी चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे. कारण आपल्या शिष्यवृत्ती समितीपुढे एक अर्ज आला आहे. आपल्याच ज्ञातीतील एका मुलीस बारावीनंतर स्पॅनिश भाषा हा मुख्य विषय घेऊन बी. ए. करावयाचे आहे आणि त्यासाठी तिने साहाय्य मागितले आहे. आपल्या नियमात ‘उपयुक्त शिक्षण’ असे शब्द आहेत. वैद्यक, अभियांत्रिकी, शेतकी ही शिक्षणे उपयुक्त होत, याविषयी कोणाचे दुमत नाही. स्पॅनिशचे काय, असा प्रश्न निघाला. तो प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर शांतपणे शोधले पाहिजे.

प्रथम ही भाषा कोणाची, ते पाहू. ती स्पेन देशाची खरी. परंतु आज तिचे मोठे घर अटलांटिक महासागराच्या पलीकडे आहे. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत अमेरिका खंडातील अठरा देश, स्पेन आणि आफ्रिकेतील एक लहान देश अशा वीस राष्ट्रांची ती राजभाषा आहे. सुमारे पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा असून संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत तिची गणना होते.

“ते सर्व तिकडे, आपणा धान पिकविणाऱ्यांचा तिच्याशी काय संबंध?” असे कोणी म्हणेल. त्यांना मी आपल्या विदर्भातील एका थोर पुरुषाची आठवण करून देतो. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म १८८४ साली वर्ध्यास झाला. देशाच्या स्वातंत्र्याचा ध्यास घेऊन ते परदेशी गेले. अमेरिकेत त्यांनी शेतकीचे उच्च शिक्षण घेतले आणि गदर चळवळीत उडी घेतली. इंग्रज सरकारच्या रोषामुळे मायदेशी परतण्याची वाट बंद झाली, तेव्हा १९२४ साली ते मेक्सिकोत गेले. तेथे चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात ते अध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले आणि गरीब शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा चालविल्या. दिएगो रिव्हेरा या जगद्विख्यात चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या इमारतीत रंगविलेल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. १९५५ साली ते कायमचे परत आले आणि १९६७ साली नागपुरास निवर्तले. २०२२ साली चापिंगो येथे त्यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

या चरित्रातून मी जो बोध घेतो, तो आज सांगावयाचा आहे. खानखोजे यांच्यापाशी शेतकीचे ज्ञान होते आणि ते ज्ञान त्यांनी तेथील शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत दिले. ज्ञान असून भाषा नसती, तर त्या शेतकऱ्यापुढे ते मुके राहिले असते. भाषा असून ज्ञान नसते, तर सांगण्यासारखे काही नसते. दोहोंचा संयोग झाला, म्हणून दूरच्या देशाने वर्ध्याच्या सुपुत्राचा पुतळा उभारला.

आता शिक्षक या नात्याने भाषेच्या स्वरूपाविषयी थोडे सांगतो. मराठी मुलाला स्पॅनिश बिचकविणारी नाही. इंग्रजीत लिहितात एक आणि वाचतात दुसरे. स्पॅनिशचे तसे नाही. अक्षरांचे थोडे नियम ध्यानी धरले की बहुतेक शब्द लिहिल्याप्रमाणे वाचता येतात. स्वर पाचच. त आणि द यांचा उच्चार आपल्यासारखाच दंत्य. शब्दांना लिंग आहे, त्याने इंग्रज गोंधळेल. आपण तर तीन लिंगे बोलण्यात सांभाळतो, स्पॅनिशमध्ये दोनच आहेत. क्रियापद पुरुषाप्रमाणे बदलते, त्यामुळे ‘मी’ न म्हणता नुसते ‘जातो’ म्हटले तरी चालते, तशीच रीत तेथेही आहे. लहानाला ‘तू’ आणि मान्याला ‘आपण’ असा आदराचा भेदही तेथे पाळतात.

सर्वांत मौज वाटली ती एका वाक्याची. आपण म्हणतो, “मला आंबा आवडतो.” यात कर्ता आंबा आहे. स्पॅनिश मनुष्य म्हणतो, “मे गुस्ता एल मांगो.” तेथेही कर्ता आंबाच. इंग्रजीच्या वाटेने गेलेला विद्यार्थी येथे हमखास अडखळतो. मराठी व्याकरण ज्याचे पक्के आहे, तो सरळ पुढे जातो. याचा अर्थ, ज्याची मातृभाषा बळकट, त्याला परभाषा सुलभ. शिवाय आपल्या घरातील साबण, चावी, पगार, पाद्री हे शब्द पोर्तुगिजांकडून आले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण.

आता उपयोगाची बाजू. १९६६ साली भारताने मेक्सिकोतून ‘लेर्मा रोहो ६४’ या बुटक्या गव्हाचे अठरा हजार टन बियाणे आणले आणि हरितक्रांतीला वेग आला. आपल्या स्वयंपाकघरातील सोयाबीन तेलाचा मोठा वाटा आज अर्जेंटिनातून येतो. पुण्याच्या बजाज कंपनीच्या मोटारसायकली आणि तीनचाकी गाड्या कोलंबिया, पेरू आदी देशांत धावतात; आपली औषधेही तिकडे जातात. जेथे माल जातो तेथे पत्रव्यवहार, करार, माहितीपत्रके आणि बोलणी करणारी माणसे लागतात. अध्यापन, भाषांतर, दुभाषाचे काम आणि पर्यटन ही क्षेत्रे आहेतच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक शाळांत शिकविता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचे नाव आहे.

परंतु मी आपणास भूल घालणार नाही. आपल्या जिल्ह्यातील शाळांत स्पॅनिश शिक्षकाची जागा आज शोधून मिळणे कठीण आहे. शिवाय आता यंत्रे साध्या पत्राचे भाषांतर क्षणात करतात. म्हणून अर्धवट भाषा येणाऱ्याला पूर्वीइतकाही भाव उरलेला नाही. तीन महिन्यांचा वर्ग करून मिळविलेले प्रमाणपत्र म्हणजे नुसते टाकलेले पऱ्हे होय. पऱ्हे टाकले आणि रोवणी केलीच नाही, तर लोंबी कोठून येणार? यंत्राची चूक ओळखील, कराराचे दोन अर्थ ताडील आणि समोरच्याचे मन जाणून बोलेल, एवढी भाषा यावयास वर्षे द्यावी लागतात. युरोपीय मोजपट्टीत ‘ए-१’ ते ‘सी-२’ अशा सहा पायऱ्या आहेत. माझ्या मते पोटासाठी भाषा शिकणाऱ्याने निदान पाचवी पायरी तरी गाठावी.

तेव्हा माझा सल्ला असा. ज्यांचा ओढा वाणिज्य, शेतकी, विज्ञान किंवा पर्यटनाकडे आहे, त्यांनी तो विषय मुख्य ठेवावा आणि महाविद्यालयात सोय असेल तर स्पॅनिश दुय्यम विषय म्हणून घ्यावा. नव्या पदवीरचनेत अशी सांगड घालण्यास वाव आहे. ज्याला भाषेचीच खरी आवड आहे, पाठांतराचा आणि वाचनाचा कंटाळा नाही, त्याने ती मुख्य विषय म्हणून घ्यावी, मात्र पदवीवर न थांबता पुढेही शिकावे. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परकीय भाषा विद्यापीठ येथे स्पॅनिशची पदवी मिळते आणि मुळाक्षरांपासून आरंभ होतो. आधी भाषा येण्याची अट नाही. ही सरकारी विद्यापीठे असल्यामुळे शुल्क खाजगी संस्थांच्या मानाने पुष्कळच कमी असते. खर्च मुख्यतः राहण्याजेवणाचा. दिल्लीतील सेर्व्हांतेस संस्थेमार्फत ‘देले’ ही परीक्षा देता येते, तिच्या प्रमाणपत्राची मुदत कधी संपत नाही.

याच विचाराने शिष्यवृत्ती समितीला माझी विनंती आहे की, ‘उपयुक्त’ या शब्दाचा अर्थ संकुचित करू नये. त्या मुलीचा अर्ज मान्य करावा. दरवर्षी गुणपत्रिका पाहून पुढील हप्ता द्यावा, हा नियम वैद्यकाच्या विद्यार्थ्याला आहे तोच तिलाही असावा. सवलत नको आणि उपेक्षाही नको. मुलीला इतक्या दूर कसे पाठवावे, अशी चिंता काही माउलींच्या मनात असेल, ती मी समजू शकतो. पण आपण मुलींना परगावी सासरी पाठवितोच ना? विद्येसाठी पाठविताना मात्र गाव दूर वाटावे, हे बरे नव्हे.

बंधूंनो, रवींद्रनाथांचे ग्रंथ १९१५ पासून स्पॅनिशमध्ये उतरले, ते सेनोबिया काम्प्रुबी या विदुषीने आणि तिचे पती हुआन रामोन हिमेनेस यांनी मिळून केलेल्या श्रमांमुळे. पतीला १९५६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र ती पुस्तके त्यांनी इंग्रजीवरून केली, आणि आपणही स्पॅनिश पुस्तके बहुधा इंग्रजीच्याच वाटेने मराठीत आणतो. आपल्या घरातील कोणी तरी ती वाट सरळ करावी, तिकडचे मराठीत आणावे आणि मराठीतील तिकडे न्यावे, अशी माझी इच्छा आहे. धान्याचे बी देशोदेशी फिरले म्हणून आपल्या ताटात मिरची, बटाटा आणि मका आला. शब्दांचेही तसेच आहे.